दोन बॅगांच्या मधला दिवस

पहाटे ५.२०

गजराच्या आधी फोन वाजतो. "गाडीनं कोल्हापूर सोडलं. सांगली अकरा बॅग." पलीकडच्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही. सात वर्षं झाली, कुरिअरच्या हबमधल्या त्याच्या या दोन वाक्यांनी माझा दिवस उजाडतो. कोल्हापूर ते सांगली अंतर पन्नासेक किलोमीटर, पण वाटेत माल उतरवत गाडी येते, त्यामुळे सव्वा तास तरी हातात मिळतो.

त्या सव्वा तासात दोन डबे. धाकट्याची शाळा सकाळची, त्याला भेंडीच लागते आणि तीही कुरकुरीत. लेक सहावीत. तिची सहामाही चालू आहे, आज भूगोल. ती आधीच उठून पांघरुणात पुस्तक घेऊन बसलेली. "आई, नकाशा घेतेस का? नद्या विचार फक्त." मी म्हणते, "गाडी येऊ दे गं, मग घेते." हे वाक्य या सात वर्षांत मी किती वेळा म्हटलं असेन, त्याचा हिशोब ठेवला असता तर एक डॉकेटबुक भरलं असतं.

दिवाळी बारा दिवसांवर आली आहे. कुरिअरच्या धंद्यात सुगी दोनदा येते, राखीला आणि दिवाळीला. राखीला पाकिटं, दिवाळीला खोकी. आणि सहामाही बरोबर दिवाळीच्या तोंडावर.

सकाळी ६.४५

शटर वर. परतीचा पाऊस रात्रभर पडून गेलेला, दुकानासमोर तळं साचलंय. ड्रायव्हर बॅगा आत फेकतो, मी मोजते. दहा. पुन्हा मोजते. दहाच. मॅनिफेस्टवर अकरा.

"एक कमी आहे."

"वैनी, माझ्याकडं दहाच चढवल्यात. तुम्ही हबला बोला."

मी हबला बोलते. हब म्हणतं, बघतो. "बघतो" हा कुरिअरमधला सर्वांत लवचिक शब्द; त्याची मुदत दहा मिनिटांपासून दिवाळीपर्यंत काहीही असू शकते. दहा बॅगांचं सील तोडून स्कॅनिंग सुरू करते. आमची हद्द दोन पिनकोडांची: ४१६४१६ म्हणजे गाव आणि ४१६४१५ म्हणजे विश्रामबागची बाजू. कागदावर ती हद्द दोन आकड्यांत मावते. टेबलावर मात्र तिचे ढीग पडतात: गावभाग, खणभाग, वखारभाग, गणपती पेठ, विश्रामबाग, शंभर फुटी. आज विश्रामबागचा ढीग संशय यावा इतका लहान आहे. हरवलेली बॅग तिथलीच.

चार पोरं डिलिव्हरीला. त्यातल्या एकाचा फोन येतो. "वैनी, म्हस व्याली वो. आज न्हाई जमत."

यावर काय बोलणार? माझ्या सासरीही म्हशी होत्या. "रेडी का रेडा?" एवढंच विचारते आणि त्याची बीट उरलेल्या तिघांत वाटते. तिघांची तोंडं वाकडी होतात, पण पाकिटामागे पैसे मिळतात म्हटल्यावर सरळही होतात. पोरं मला वैनी म्हणतात, कारण दुकान नवऱ्याच्या मित्राच्या गाळ्यात आहे आणि सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की धंदा "दादांचा", मी नुसती बसते. दादा कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जातात. करारावर, बँकेत आणि डेबिट नोटवर नाव माझंच आहे.

सकाळी ८.१०

हरवलेल्या बॅगेची पहिली हाक. विश्रामबागचा एक मुलगा. त्याच्या मूळ गुणपत्रिका नागपूरहून निघाल्यात, ट्रॅकिंगवर "सांगलीकडे रवाना" दिसतंय, आणि उद्या दुपारी बारा वाजता पुण्यात त्याची कागदपत्रांची पडताळणी आहे. आवाज शांत ठेवायचा त्याचा प्रयत्न चाललेला. मी त्याला खरं ते सांगते: बॅग आलेली नाही, कुठे आहे ते अजून कळलेलं नाही, दर दोन तासांनी मला फोन कर. "बघतो" म्हणत नाही.

मध्येच सासूबाईंचा फोन, धाकट्याची पाण्याची बाटली घरीच राहिली. एक पोरगा वाटेत शाळेत देऊन जातो. कंपनीच्या भाषेत ही डिलिव्हरी कुठल्याही शीटवर नाही.

सकाळी १०.३०

लेकीला शाळेच्या फाटकावर सोडून आले. स्कूटरवर नद्या घेतल्या. कृष्णा, वारणा, येरळा, अग्रणी. येरळा कृष्णेला कुठे मिळते यावर आमच्यात एकमत होईपर्यंत शाळा आली.

दुकानात बेदाण्यावाले येऊन थांबलेले. दिवाळीच्या मिठायांसाठी दिल्ली-इंदूरच्या व्यापाऱ्यांना नमुने जातात: अर्ध्या किलोच्या पारदर्शक पिशव्या, वर स्केचपेननं नंबर. हिरवा, पिवळा, काळा. नमुना उद्या पोचला तर सौदा, परवा पोचला तर दुसऱ्याचा सौदा, म्हणून ही मंडळी दराची घासाघीस करत नाहीत, वेळेची करतात. मला आवडतात. वकिलांची पाकिटं, बँकेचे लिफाफे, एका लग्नाच्या ब्लाउजचं माप. पावतीवर सगळं "डॉक्युमेंट" किंवा "नॉन-डॉक्युमेंट". "पत्र" असं आम्ही कधी लिहीत नाही. ही सवय फार जुनी आहे. १८९८च्या टपाल कायद्यानं पत्रं वाहण्याचा हक्क फक्त सरकारकडे ठेवला होता, म्हणून कुरिअरवाल्यांनी पत्राला पत्र म्हणणंच सोडलं. २०२३च्या नव्या कायद्यात ती मक्तेदारी उरली नाही. आमच्या पावत्यांना ते अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

दुपारी १२.००

फराळाच्या काकू.

दरवर्षी येतात. मुलगा-सून अमेरिकेत, नातवाला चकली लागते. खोकं त्यांनी घरूनच बांधून आणलंय, वर जुन्या साडीचा काठ गुंडाळलेला. काट्यावर ठेवते: ५.८ किलो. टेप काढून मापते: ४५, ३५, ३० सेंटिमीटर. गुणाकार करून पाच हजारांनी भाग द्यायचा. साडेनऊ किलोचं बिल.

"अगं, काट्यावर तर सहाही भरत नाही!"

"काकू, विमानात वजनाइतकेच जागेचेही पैसे लागतात. चिवड्यानं जागा फार खाल्लीय."

"चिवडा हलका असतो गं."

"तेच तर."

मी कात्री पुढे करते. काकू हो म्हणतात, पण काठ स्वतः सोडतात, कात्री लावू देत नाहीत. आत चार स्टीलचे डबे. चिवड्याचा सर्वांत मोठा, आणि त्यात वर चार बोटं नुसती हवा. डबे बाजूला करून चकल्या कडक प्लॅस्टिकच्या दोन चौकोनी डब्यांत उभ्या लावते, ते मधोमध. बेसनाच्या लाडवांना तूप सुटतं, म्हणून दुहेरी कागद, मग पिशवी, आणि ते तळाला. शंकरपाळ्यांना काही होत नाही, ती दगडासारखी, त्यांना कोपरे. आणि चिवडा लहान-लहान पिशव्यांत, हवा अर्धीच काढून, चकलीच्या डब्यांभोवतीच्या फटींत. हवा पूर्ण काढली तर पोह्यांचा चुरा होतो. एक वर्ष मी ती हुशारी केली होती आणि नातवानं व्हिडिओ कॉलवर चिवडा चमच्यानं खाऊन दाखवला होता.

नवं खोकं ४०, ३०, २५. बरोबर सहा किलो. स्टीलचे डबे काकू घरी नेतील, त्यांची जागा प्लॅस्टिकनं घेतली, तेवढं वजनही उतरलं. आधार कार्डाची प्रत, आतल्या जिन्नसांची किमतीसह यादी. "शंकरपाळी इंग्रजीत काय लिहू?" असं मी विचारते, काकू म्हणतात, "स्वीट लिही, त्यांना काय कळतंय." वर साडीचा काठ परत गुंडाळता येणार नाही म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरतो. काठ आत ठेवते.

साडेतीन किलोचं बिल कमी झालं, म्हणजे माझंही कमिशन तेवढं गेलं. कंपनीचा साहेब असता तर डोक्याला हात लावला असता. पण काकूंच्या अख्ख्या सोसायटीचा फराळ माझ्याकडे येतो, तो असल्या पाऊण तासांमुळे.

दुपारी १.१५

शाळेचं फाटक. पेपर सोपा होता. येरळा आलीच नाही. नकाशात कोयना मागितली होती.

घरी जाऊन जेवण. सासूबाईंनी पिठलं केलंय. तीन घासांत चार फोन: ओटीपी आला नाही, पत्ता सापडत नाही, कुत्रं सोडलंय, आणि विश्रामबागचा मुलगा. हबकडून अजून काही नाही. लेक ताटावरून विचारते, काय झालं. सांगते. ती घास गिळते आणि म्हणते, "विश्रामबाग म्हणजे ४१६४१५ ना? मग कोणीतरी शेवटचे तीनच आकडे वाचले असतील. ४१५ म्हणजे सातारा."

मी तिच्याकडे बघत राहते. तिला पिनकोड कोणी शिकवले नाहीत. पहिली ते चौथी रोज संध्याकाळी सॉर्टिंगच्या टेबलाखाली बसून अभ्यास केलेली पोर ती. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन टपाल छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. आपलं विटं सांगली जिल्ह्यात असूनही ४१५त का, हे ती पाहुण्यांना समजावते. १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतमधले कवी होते, हे तिनं वर्गात सांगितलं तेव्हा बाईंनीच वहीत लिहून घेतलं म्हणे.

साताऱ्याच्या दुकानाला फोन लावते.

दुपारी २.३०

साताऱ्याचे दादा बॅगा बघून सांगतो म्हणालेत. आमची दोघांची भेट कधी झालेली नाही, पण दहा वेळा एकमेकांची अडलेली पाकिटं सोडवलीत.

हा दिवसाचा निवांत वेळ. आणि याच वेळेला, कंपनीच्या विभागीय साहेबानं पाठवलेलं एक जोडपं येतं. पलूसकडचं. कडेवर आठ महिन्यांचं बाळ. ती पुण्याला नोकरीत होती, आता परत जायचं की कंपनीची फ्रँचायझी घ्यायची या विचारात. साहेबांनी सांगितलंय, सांगलीच्या मॅडमना भेटा, त्यांनी मुलं सांभाळून धंदा केला.

म्हणजे मी नमुना. बेदाण्याच्या पिशवीवरचा नंबर.

सात वर्षांपूर्वी मीही अशीच बसले होते, साहेबांसमोर. नऊ वर्षं पुण्यात खासगी बँकेत काढलेली, लेक पाळणाघरात, दुसऱ्याची चाहूल. साहेब म्हणाले होते, मॅडम, स्वतःच्या सोयीचे तास. त्यात खोटं काही नव्हतं. एवढंच, की या धंद्यात सकाळची बॅग आणि संध्याकाळची बॅग कोणासाठी थांबत नाही. सोयीचे तास मिळतात ते मधले. आणि मधल्या तासांत मुलं शाळेत असतात. डबा, वेणी, गृहपाठ, झोपताना गोष्ट, सगळं नेमकं बॅगांच्या वेळेला. वेळ वाढून मिळाला नाही, इकडचा तिकडे सरकवता येऊ लागला. बँकेत तेही नव्हतं. आज पावणेदोनला मी लेकीसमोर बसून पिठलं खाल्लं, भले चार फोन घेत. बँकेत असताना तिनं दुपारी काय खाल्लं ते मला डब्यातल्या उरलेल्यावरून कळायचं.

हे मी त्यांना असं सगळं सांगत नाही. बाळ रडायला लागलेलं असतं. मी तीन गोष्टी सांगते. पहिली: दुकान बघायला दुपारी येऊ नका, दुपारी सगळेच धंदे छान दिसतात. पहाटे साडेसहाला या आणि रात्री आठला या. दुसरी: करार मराठीत कोणाकडून तरी वाचून घ्या. फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. १८७२चा करार कायदा आणि व्यापारचिन्हांचा कायदा यांवरच सगळं उभं आहे, म्हणजे कागदावर जे लिहिलंय तेच तुमचं नशीब. डिपॉझिट कधी परत, तुमच्या पिनकोडात दुसरं दुकान काढणार की नाही, वाद झाला तर लवादासाठी कुठल्या शहरात जायचं, डेबिट नोट लागली तर दाद कोणाकडे.

तिसऱ्या गोष्टीवर माझा भर जास्त असतो: सोडून गेलेल्यांशी बोला. माझा मावसभाऊ अमेरिकेत. त्यानं मुलांच्या शिकवणीवर्गाची फ्रँचायझी घ्यायचं ठरवलं तेव्हा कंपनीनं त्याला जाडजूड दस्तऐवज दिला. तिथं सही करण्याच्या किंवा पैसे भरण्याच्या किमान १४ दिवस आधी तो द्यावाच लागतो, त्यात २३ प्रकरणं ठरलेली. त्यातल्या एकात, गेल्या वर्षभरात फ्रँचायझी सोडून गेलेल्यांची यादी असते, संपर्कासह. यादी चालणाऱ्यांचीच नव्हे, सोडून गेलेल्यांचीही! आपल्याकडे असं कोणी देत नाही, म्हणून मी ती स्वतः केली होती, एका नावाची. या हद्दीतल्या जुन्या दुकानाच्या भिंतीवर उतरवलेल्या फलकाचे खिळे होते. शेजारच्या पानवाल्याकडून नंबर घेतला. ते गृहस्थ अर्धा तास बोलले. पहिली वीस मिनिटं शिव्या, पुढची दहा मिनिटं सोनं. स्कॅनिंग साडेआठच्या आत झालं नाही की दंड लागतो, हे मला करारातून नव्हे, त्यांच्याकडून कळलं.

"मग तुम्ही आमच्यासारख्यांना घ्या म्हणाल की नको?" ती विचारते.

"तुमच्याकडे सकाळी सहाला बाळाला घेणारं कोण आहे?"

दोघं एकमेकांकडे बघतात. माझ्या धंद्यातलं सर्वांत मोठं भांडवल म्हणजे सासूबाई, आणि ते डिपॉझिटच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. साहेबांच्या तक्त्यात गाळ्याचं भाडं होतं, काटा, स्कॅनर, संगणक, फलक, सगळं होतं.

दुपारी ४.००

साताऱ्याचा फोन. अकरावी बॅग तिथंच. लेबलवर ४१६४१५, आणि कोणीतरी पेननं शेवटच्या तीन आकड्यांभोवती गोल केलाय. लेकीला सांगितलं तर तिनं नुसतं "हं" केलं आणि हिंदीचं पुस्तक उघडलं.

आता नियमानं बॅग परत हबला, तिथून उद्या पहाटे मला. मुलगा उद्या बाराला पुण्यात. पण सांगलीहून पुण्याला जायचं तर सातारा वाटेतच. दादांना म्हटलं, तुमच्याकडून थेट दिलं तर? पत्ताबदलाची परवानगी लागते, ती साहेबांकडून. साहेब मीटिंगमध्ये. पाऊण तासानं परवानगी आली, वर सूचना: यापुढे असे प्रकार टाळावेत. टाळते.

मुलाला कळवलं. तो पहाटे साडेचारला मित्राच्या गाडीनं निघणार. दादा म्हणाले, मी साडेसहाला शटर उघडतो, सातला येऊ दे.

संध्याकाळी ५.३० ते ८.००

यातलं काही नीट आठवत नाही, कारण रोज हे असंच असतं. तीन पोरं पिकअप घेऊन येतात, काउंटरवर रांग, टेपचा आवाज, फराळ, फराळ, फराळ. आजीबाईंचं एक खोकं, त्यात लोणचं. तेल आहे, जाणार नाही, असं सांगते. "मग नुसत्या फोडी पुसून देऊ?" मी हसते, त्याही हसतात, लोणचं माघारी जातं. नवरा पाळीवरून थेट दुकानात, शर्टाला ग्रीसचा वास, येताच खोकी उचलायला लागतो. धाकटा रिकाम्या बॅगांच्या ढिगावर पालथा पडून पाढे म्हणतोय, सातच्या पाढ्यात झोपतो. लेक टेबलाच्या टोकाला, हिंदीचे विलोम शब्द, आणि मध्ये मध्ये मान न उचलता, "आई, ते पुण्याचं नाही, ४१० आहे, त्या ढिगात नको." पालकसभा होती चारला. गेले नाही. वर्गशिक्षिका ओळखीच्या आहेत, त्यांचं पार्सल माझ्याकडेच येतं. उद्या तेव्हाच विचारेन.

७.५०ला शेवटचं सील. ८.०० म्हणजे आठ, गाडी एक मिनिट थांबत नाही. चौदा बॅगा. मॅनिफेस्टवर चौदा. ड्रायव्हरसमोर दोनदा मोजते आणि विश्रामबागच्या सकाळच्या रागानं त्याच्याकडून सही घेते, जी तो एरवीही देतो.

रात्री ९.१५

महिन्याचं स्टेटमेंट मेलवर आलंय. सोळा तारखेला स्कॅन अकरा मिनिटं उशिरा झालं म्हणून डेबिट. सोळाला गाडीच पाऊण तास उशिरा आली होती. उत्तर लिहिते, गाडीच्या वेळेचा फोटो जोडते. मागच्या वेळी पैसे दोन महिन्यांनी परत मिळाले होते. जीएसटी १८ टक्के वगैरे सीए बघतो, पण या बारीकसारीक डेबिट मी स्वतः लढते. धंद्यातला नफा बराचसा अशा अकरा-अकरा मिनिटांत असतो.

लेक शेजारी येऊन बसते. "विलोम घे." घेते. उत्थान, पतन. आयात, निर्यात. "सुलभ?" "दुर्लभ." तिचे डोळे मिटायला लागलेत, माझेही.

रात्री १०.४०

साताऱ्याच्या दादांचा फोटो. पाकीट बॅगेतून काढून वेगळं ठेवलंय, त्यावर मार्करनं मुलाचं नाव, फोन आणि "स. ७". टेबलाच्या कडेला, फोटोत अर्धवट आलेली, एक उघडी वही. दोनरेघी, त्यावर मोठ्या अक्षरात तीनदा "कमळ", तिसऱ्यांदा ळ उलटा.

फोटो मुलाला पुढे पाठवते. दोन निळ्या खुणा लगेच उमटतात. गजर ५.१५चा लावते, उद्याच्या गाडीला एक बॅग जास्त असणार.